पडद्यापलीकडे पोचलेलं गाणं

सुनीती पारसनीस लग्न होऊन आली तेव्हा चेन्नईचं नाव मद्रास होतं आणि तिला तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. नवरा, दिनानाथ, रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात नोकरीला. माहेर मिरजेचं, तेव्हा घरात नाही तर शेजारी तरी तंबोरा लागलेला असायचाच. सुनीतीही चार-पाच वर्षं गाणं शिकली होती. पण मद्रासेत तिच्या कामी आलं ते गाणं नव्हे, नुसता आवाज. टेलिफोन खात्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये तिला ऑपरेटर म्हणून घेतलं.

कानावर हेडफोन चढवून, समोरच्या बोर्डात दोऱ्या खुपसत, ती दिवसभर इकडच्या माणसाला तिकडच्या माणसाशी जोडून द्यायची. तमिळ ती पुस्तकातून शिकलीच नाही, लोकांच्या घाईतून शिकली. पहिला शब्द कळला तो ‘सीक्रम’, म्हणजे लवकर. त्या काळी सगळ्यात तातडीच्या फोनला ‘लाइटनिंग कॉल’ म्हणत. तो मागणारा माणूस हॅलो म्हणाला, की त्या एका हॅलोवरून तिला कळायचं, कोणी गेलंय की कोणी जन्मलंय. मग ती हातातलं सगळं सोडून आधी तो फोन लावायची. पुढे बोर्ड गेले, दोऱ्या गेल्या, ट्रंक कॉलही गेले. ती काउंटरवर बसू लागली, आणि साठीला निवृत्त झाली.

दिनानाथांना बोलायला फार लागायचं. कारखान्यात सगळे तमिळ, त्यामुळे त्यांची तमिळ बायकोपेक्षा फर्डी होती. भाजीवाल्याशी वाद, पेपरवाल्याशी राजकारण, फोनवर कराडच्या भावाशी तासभर. गाण्याचं मात्र त्यांना वावडं. “पस्तीस वर्षं पत्र्यावर हातोडे ऐकलेत मी,” ते म्हणत. “आता तुझे सूर काय ऐकणार? तू गा हो. मला त्रास नाही. पंखा चालू असतो तसं.” आणि तरीही मराठी मंडळाच्या गणपतीत तिचं गाणं असलं, की तालमीला स्कूटरवरून सोडायला तेच जात, आणि तालीम संपेपर्यंत बाहेर कोणाला तरी पकडून बोलत उभे राहत.

निवृत्तीनंतर सुनीतीने एक वेगळंच काम धरलं. नुंगंबाक्कमच्या एका मोठ्या रुग्णालयात सहाना नावाची तिशीतली मुलगी रोग्यांसाठी संगीतोपचाराचं काम बघायची. तिला मदतीला गाणारी माणसं हवी होती. पैसे नाहीत, पण येण्याजाण्याला रिक्षा. सुनीती मंगळवारी आणि शुक्रवारी जाऊ लागली. सहानाने तिला दोन-तीनच गोष्टी शिकवल्या. आवाज इतका लहान ठेवायचा, की रोग्याला हवा तर त्याने ऐकावा, नको तर सोडून द्यावा. लय त्याच्या श्वासाची धरायची. आणि आपल्याला आवडतं ते गायचं नाही, त्याला आवडतं ते गायचं. म्हणून सुनीती साठीनंतर नीलांबरी रागातल्या तमिळ अंगाया शिकली, तमिळ बायका देवळात म्हणतात ती भजनं शिकली.

दुसऱ्याच वर्षी तिथे विजयेंद्र राव भेटले. तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले, पंचाहत्तरीचे. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली होती. दीड महिना तोंडातून शब्द नाही. घरची भाषा मराठी हे कळल्यावर सुनीती खाटेजवळ बसली आणि लहानपणी शिकलेलं एक भजन हलक्या आवाजात म्हणू लागली. दुसऱ्या ओळीला रावांचे ओठ हलले. तिसरी ओळ त्यांनी तिच्याबरोबर म्हटली, शब्दांसकट, स्वच्छ. त्यांच्या सूनबाई पदर तोंडाशी धरून रडायला लागल्या. सहानाने समजावलं, की बोलणं मेंदूच्या एका बाजूला असतं आणि गाण्याचे धागे दोन्ही बाजूंना. एक वाट बुजली तर कधी कधी दुसऱ्या वाटेने शब्द येतो. मग रोज दोन सुरांवर एकेक शब्द, त्या ठेक्यावर डाव्या हाताने मांडीवर थाप, असं करत महिन्याभरात रावांनी ‘पाणी दे’ असं म्हणून दाखवलं. आधी गाऊन, मग बोलून.

सुनीतीला त्यानंतर दम निघेना. मंडळाच्या हळदीकुंकवाला तिला बोलायला सांगितलं तेव्हा ती पाऊण तास बोलली. औषधाने होत नाही ते सुराने होतं, आपण नेट सोडता कामा नये, एवढंच. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

रिक्षातून घरी येताना दिनानाथ म्हणाले, “चांगलं बोललीस. पण एवढं ठाम बोलू नये गं. डॉक्टरसुद्धा बोलत नाहीत.”

“तुम्ही पाहिलं नाहीत ना त्यांना.”

“नाही पाहिलं,” ते म्हणाले, आणि रिक्षावाल्याशी पेट्रोलच्या भावावर बोलू लागले.

तेवीस सालच्या डिसेंबरात वादळ आलं. त्यांच्या वेलचेरी भागात पाणी भरतं हे कोणाला नवीन नव्हतं. पारसनीस पहिल्या मजल्यावर राहायचे, म्हणून निर्धास्त होते. सोमवारभर पाऊस कोसळला. खालच्या मजल्यावरचं कुटुंब, आजी-आजोबांपासून लेकरांपर्यंत सात माणसं, गाद्या घेऊन यांच्याकडे वर आली. वीज गेली, नळ गेले, संध्याकाळी मोबाइलही मुके झाले. मंगळवारी सकाळी पाऊस थांबला होता. पाणी मात्र जिन्याच्या नवव्या पायरीवर उभं होतं.

दिनानाथ रंगात आले होते. समोर ऐकायला सात माणसं, आणि कुठे जाणार ती! पंधरा सालच्या पुराची गोष्ट ते तमिळमध्ये खुलवून सांगत होते. सुनीतीने गॅसवर चहा केला. पावणेआठ वाजले होते. दिनानाथांनी कप उचलला, काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं, आणि कप हातातून तिरका होत गेला. चहा लुंगीवर सांडला तरी ते त्याच्याकडे बघेनात. तोंडातून आले ते शब्द नव्हतेच. लहान मूल बोलण्याची नक्कल करतं तसले आवाज. खालच्या घरातली छोटी मुलगी हसली. तिला वाटलं, आजोबा मुद्दाम करतायत.

सुनीतीला कळलं. दोन वर्षं ती असलीच माणसं बघत होती. उजवा हात उचलायला सांगायचं, हसायला सांगायचं, घड्याळ बघायचं, सगळं तिला पाठ होतं. तिने फोन उचलला. रुग्णवाहिकेचा नंबर लावला. काहीच नाही, साधी घंटीसुद्धा नाही. मुलीचा, ऊर्मीचा, नंबर लावला. शेजाऱ्यांचा फोन घेतला, गच्चीवर गेली, हात उंच धरून लावला. पुन्हा लावला. ज्या बाईने वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, तिला त्या सकाळी एक फोन लागला नाही. गच्चीवरून ती ओरडली. समोरच्या गच्चीवरची माणसंही कशासाठी तरी ओरडतच होती. त्यांना वाटलं, हिलाही दूध हवंय.

साडेचार तासांच्या आत रुग्णालयात पोचलं तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं, हे तिला माहीत होतं. नसतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीदा तरी वाटलं. नऊ वाजले, दहा वाजले. दिनानाथ गादीवर पडून छताकडे बघत होते. ती त्यांचा हात धरून बसली आणि काही सुचेना म्हणून गुणगुणायला लागली. सव्वाबारा वाजले तेव्हा तिने मनगटावरचं घड्याळ काढून कपाटात ठेवलं.

दुपारी दीडच्या सुमारास होडी आली. जवळच्याच कोवलमच्या कोळ्यांनी आपल्या होड्या लॉरीवर घालून शहरात आणल्या होत्या. दोघा तरण्या कोळ्यांनी आणि खालच्या घरातल्या पुरुषांनी दिनानाथांना प्लास्टिकच्या खुर्चीत बांधून जिन्यावरून उतरवलं. छातीभर पाण्यात उभ्या असलेल्या कोळ्याने खुर्ची होडीत चढवताना विचारलं, “अप्पा, नीट बसलात ना?”

“सरी,” दिनानाथ म्हणाले.

 सरी, म्हणजे ठीक आहे, बरं. कारखान्यात पस्तीस वर्षं दिवसाला शंभरदा उच्चारलेला शब्द. “अहो,” सुनीती म्हणाली, “बोला, अजून बोला ना!”

“सरी,” ते म्हणाले. “सरी, सरी.”

मोठ्या रस्त्याला रुग्णवाहिका मिळाली आणि साडेतीनला ते पोचले, सुनीती गाते त्याच रुग्णालयात. तरुण डॉक्टरने विचारलं, “केव्हा झालं?” तिने वेळ सांगितली. त्याने मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. इंजेक्शनचं नाव त्याने काढलं नाही, तिनेही नाही. संध्याकाळी फोटो दाखवत त्याने सांगितलं, की मेंदूचा डावा भाग मोठा गेला आहे. उजवं अंग लुळं आहे, बोलणं आणि समजणं दोन्हीला धक्का आहे. जीव वाचेल. बाकीचं सांगता येणार नाही.

ऊर्मी नुंगंबाक्कमलाच राहायची. नवऱ्याला घेऊन ती तासाभरात धावत आली. जन्मापासून चेन्नईत वाढलेली पोर; धास्तावली की तिला मराठी सुचत नसे. “आई, ही विल बी ओके, ना? यू टेल मी. यू नो दीज थिंग्ज.”

“होणार,” सुनीती म्हणाली. “मी आहे ना. रावांचं झालं की नाही?”

चार दिवसांनी दिनानाथांना अतिदक्षता विभागातून बाहेर काढलं, पण वॉर्डात नाही. मधल्या एका दालनात ठेवलं. तिथे बायका-पुरुष एकत्र होते, खाटांच्या मध्ये नुसते हिरवे पडदे. छातीत कफ साठत होता, म्हणून तिथे तीन आठवडे काढावे लागले.

त्यांच्यापाशी एकच शब्द उरला होता. दुखतंय का? सरी. थंडी वाजते का? सरी. ऊर्मी आलीय बघा. सरी. नर्सा खूश होत्या, असा शहाणा पेशंट नाही म्हणायच्या. रक्त काढायला सुई आणली तरी सरी म्हणतो! सुनीतीने त्यांना सांगितलं, की त्यांना ठीक म्हणायचं नसतं, तोंडातून तेवढंच येतं. दिनानाथांच्या डोळ्यांत ते दिसायचं. ‘सरी’ म्हणून झालं की ते तिच्याकडे बघत, चुकीचं बोललो हे कळल्यासारखे, आणि पुन्हा जोर करून तोंड उघडत. पुन्हा सरीच.

दुपारी तीन ते पाच भेटीची वेळ. सुनीती पहिल्या दिवसापासून गाऊ लागली. पहिल्या दुपारी यंत्रावरचा नाडीचा आकडा अठ्ठ्याण्णववरून ब्याऐंशीवर आला. तिने नर्सला बोलावून दाखवला. नर्स भली होती. ती म्हणाली, “अम्मा, अडीचला गोळी दिलीय. तिने उतरतो.” सुनीतीने दुसऱ्या दिवशी गोळीची वेळ विचारून घेतली आणि त्याच्या आधी गायली. आकडा तिथल्या तिथे राहिला.

मग दोन सुरांवरचे शब्द. तिने त्यांचा डावा हात हातात घ्यायचा, चादरीवर थाप द्यायची आणि गायचं: पा-णी. पा-णी. दिनानाथ तिच्या ओठांकडे टक लावून बघायचे. भुवया गोळा व्हायच्या, कपाळाला घाम यायचा. “सरी,” ते म्हणायचे. पा-णी. “सरी.” आठवड्यानंतर त्यांनी हात काढून घ्यायला सुरुवात केली. दहाव्या दिवशी तिने पुन्हा हात धरला तेव्हा त्यांनी तो हिसडला, इतक्या जोरात की तिच्या बांगडीने त्यांच्याच मनगटाला ओरखडा आला. मग डोळे मिटून घेतले.

सहाना रोज एकदा येऊन जायची. त्या दिवशी तिने सुनीतीला बाहेरच्या बाकावर बसवलं.

“आंटी, थोडे दिवस थांबू या. सगळ्यांना ही वाट मिळत नाही. राव आयुष्यभर भजन म्हणत आले होते. अंकल कधी गायले होते का?”

“नाही.”

“मग त्यांचं काय आहे? त्यांना काय ऐकायला आवडायचं?”

 चाळीस वर्षं एका घरात काढली होती. “ते बोलायचे,” सुनीती म्हणाली. “ऐकायचे असे... मी कधी विचारलं नाही गं.”

तरी त्या दोघी मायलेकींनी सगळं करून पाहिलं. ऊर्मीने फोनवर जुन्या क्रिकेट सामन्यांची कॉमेंट्री लावली. कराडच्या काकांचं बोलणं रेकॉर्ड करून आणलं. कुठून तरी कारखान्याच्या भोंग्याचा आवाज शोधून काढला. तो मोठ्याने वाजला तेव्हा दोन नर्सा धावत आल्या, आणि दिनानाथांनी फक्त एकदा दाराकडे पाहिलं. काकांचा आवाज ऐकून ते रडले. सुनीतीला वाटलं, पोचलं! पण डॉक्टर म्हणाले, या आजारात रडू आपोआपही येतं, त्याचा फार अर्थ लावू नका.

पडद्याच्या पलीकडे अलमेलू नावाची एक म्हातारी होती. ऐंशीची. न्हाणीघरात पडून डोक्यात रक्तस्राव झालेला, ऑपरेशन झालेलं, पण भान ठिकाणावर नव्हतं. सारखी ‘अण्णा, अण्णा’ म्हणून कोणा मेलेल्या भावाला हाका मारायची, नळ्या उपटायला बघायची, भात भरवला तर थुंकायची. तिचा मुलगा कार्तिक पंचेचाळिशीचा, बँकेत नोकरीला. दुपारची रजा टाकून यायचा आणि पायथ्याशी बसून राहायचा.

एका दुपारी तो पडदा बाजूला सारून हात जोडून उभा राहिला. “अम्मा, तुम्ही गायला लागलात की आई गप्प होते. रोज बघतोय मी. काल तुम्ही गात असताना तिने अख्खी वाटी भात खाल्ला. आज पंधरा दिवसांनी मला नावाने हाक मारली.”

सुनीतीने पडद्याच्या फटीतून पाहिलं. म्हातारी शांत पडली होती, डोळे उघडे, बोटं चादरीवर हलकेच ताल धरल्यासारखी. तमिळ अंगाई नव्हतीच ती. सुनीती तर मिरजेत शिकलेली एक साधी बंदिश दिनानाथांसाठी घोळवत होती. म्हातारीला तिचा एक शब्द कळला नसेल.

“बरं झालं,” सुनीती म्हणाली. तिला ते मनापासून वाटायला हवं होतं.  ज्याच्यासाठी गाते तो तोंड फिरवतो, आणि हिला, न मागता!

त्यानंतर ती गायली की तिचं लक्ष पडद्याकडे जाऊ लागलं. इकडे ‘सरी’ आणि घाम. तिकडे रोज काहीतरी नवं: आज चमच्याने स्वतः खाल्लं, आज नर्सला शिवी दिली, आज विचारलं की मार्गळी महिना लागला का. कार्तिक रोज सांगायला यायचा. सुनीतीला त्याचं पाऊल वाजलं तरी नको वाटायला लागलं.

एका शुक्रवारी दिनानाथांना सकाळपासून ताप होता. नाकातली नळी बदलताना त्यांनी फार सोसलं, आणि नर्स विचारत होती, “अप्पा, झालं, झालं, ठीक ना?” आणि ते ‘सरी, सरी’ म्हणत रडत होते. तीनला सुनीती खुर्चीत येऊन बसली ती नुसतीच बसली. सव्वातीनला पलीकडे हाका सुरू झाल्या. अण्णा, अण्णा.

कार्तिकने पडदा सारला. “अम्मा, आज...?”

“गळा बसलाय,” सुनीती म्हणाली.

गळा चांगला होता. तिने हातात पेपर धरला. हाका वाढत गेल्या. काहीतरी धातूचं खाली पडलं, नर्स धावली, दुसरी धावली. कार्तिक “अम्मा, वेंडाम, वेंडाम” म्हणून विनवत होता, नको ना, नको ना. सुनीती पेपरच्या एकाच ओळीकडे बघत बसली. ती स्वतःशी म्हणत होती, की मी कोणाचं काही लागत नाही. मी इथे नवऱ्यासाठी आलेय. पाच वाजता घंटा झाली तेव्हा ती पलीकडे न बघता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पडदा अर्धा उघडा होता. म्हातारीचे दोन्ही हात मऊ पट्ट्यांनी खाटेच्या कडांना बांधले होते. आदल्या दुपारी तिने डोक्याची पट्टी ओढली होती, म्हणून. मनगटाभोवती लाल वळ उठले होते. कार्तिक त्या वळांवर खोबरेल तेल चोळत होता. त्याने वर बघून विचारलं, “गळा कसा आहे, अम्मा?”

 सुनीती पलीकडे गेली, त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसली आणि गायली. एकदा आवाज फाटला, तरी थांबली नाही. चौथ्या-पाचव्या ओळीला म्हाताऱ्या बाईचे खांदे सैल पडले. कार्तिकने नर्सला विचारून पट्ट्या सोडल्या. तासाभराने सुनीती आपल्या खाटेकडे परतली, तर दिनानाथ जागे होते. डोळ्यांतून पाणी वाहून उशी ओली झाली होती. त्यांना ते आवडलं होतं का? नको होतं का? आपल्याला सोडून ती तिकडे गेली म्हणून? की नुसतंच, आपोआप, डॉक्टर म्हणाले तसं?

“काय झालं हो?” तिने विचारलं.

“सरी,” ते म्हणाले.

नाताळानंतर अलमेलूला घरी सोडलं. ती चाकाच्या खुर्चीत ताठ बसली होती, कपाळाला विभूती, कार्तिकला दाढी केली नाहीस म्हणून झापत होती. कार्तिकने खुर्ची मुद्दाम पडद्याजवळ आणली आणि आईला वाकून म्हणाला, “अम्मा, यांना नमस्कार कर. यांनीच तुला बरं केलं.”

म्हातारीने सुनीतीकडे नीट निरखून पाहिलं. “ही कोण?” तिने मुलाला विचारलं. तिला काहीच आठवत नव्हतं, गाणंही नाही. कार्तिक ओशाळला. त्याने आणलेला मोगऱ्याचा गजरा सुनीतीच्या हातात दिला आणि खुर्ची ढकलत निघून गेला.

दिनानाथांना जानेवारीच्या शेवटी घरी आणलं. हळूहळू ते काठी धरून खोलीतल्या खोलीत चालू लागले. डाव्या हाताने जेवू लागले. वाचा शिकवणारी बाई आठवड्यातून दोनदा येत असे. चित्रांची कार्डं दाखवी. सहा महिन्यांत त्यांना कप आणि चमचा यांतला फरक बोटाने दाखवता येऊ लागला. शब्द आला नाही. भाजीवाला खालून हाक मारी, तेव्हा ते गॅलरीत जाऊन उभे राहत. सुरुवातीला भाजीवाला वर बघून काहीबाही बोलायचा. पुढे नुसता हात हलवून जाऊ लागला.

सुनीतीने घरात गाणं बंद केलं होतं. ठरवून नव्हे. तोंडाशी सूर आला, की ती आता हात मागणार, शब्द मागणार, या भीतीने दिनानाथांचा चेहरा आक्रसायचा. ते तिला बघवेना.

पावसाळ्याच्या आधी सहानाचा फोन आला. मंगळवारी ऊर्मी वडिलांजवळ बसून ऑफिसचं काम करायची, म्हणून सुनीती पुन्हा एकच दिवस जाऊ लागली. पहिल्याच दिवशी पक्षाघात झालेल्या एका तरुण माणसाची बायको तिच्यामागे लागली. कोणीतरी तिला सांगितलं होतं, की या मराठी मामी गातात आणि माणसं बोलायला लागतात.

“बोलतील ना, मामी?”

“मला माहीत नाही,” सुनीती म्हणाली.

“पण तुम्ही गायल्यावर एकजण बोलला होता ना?”

“एकजण बोलला होता.”

त्या पोरीला ‘होय’ ऐकायचं होतं. ती रागावून तोंड फिरवून बसली. सुनीतीने तिला काय सांगावं? तिने विचारलं, तुझ्या नवऱ्याला काय ऐकायला आवडतं, आणि उत्तर येईपर्यंत थांबली.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी दिनानाथ दुपारच्या झोपेतून उठले ते अस्वस्थ. काठी आपटत स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, “सरी.” सुनीतीने पाणी दिलं. त्यांनी मान हलवली. चहा? पंखा? संडासला जायचंय? चष्मा? ऊर्मीला फोन? ते दर वेळी मान हलवत, आणि डावा हात हवेत उंच नेऊन काहीतरी आकार काढत, गोल की चौकोनी तेही धड कळेना. तिने कपाटं उघडून दाखवली. जुने फोटो काढले. कराडची पत्रं काढली. कारखान्यातून निवृत्तीला मिळालेलं घड्याळ हातात दिलं, ते त्यांनी परत केलं. बोटाने दाखवायचं म्हटलं, तर ते बोट भिंतीकडे जाई आणि तिथे काहीच नव्हतं. “लिहा हो,” म्हणून तिने पाटी दिली. त्यांनी डाव्या हाताने एक रेघ ओढली, बराच वेळ त्या रेघेकडे पाहिलं आणि पुसून टाकली.

सहाला ऊर्मी आली. तिने फोनवर चित्रं काढून एकेक दाखवली: माणसं, देवळं, खाण्याचे पदार्थ, गाड्या. “बाबा, इज इट धिस? हे? हे का?” ते थकले होते, पण सोडायला तयार नव्हते. शेवटी त्यांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, जसा एखादा मोठा माणूस लहान मुलांना समजणार नाही म्हणून सोडून देतो तसं, आणि काठी टेकत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले.

“उद्या परत ट्राय करू या, आई,” ऊर्मी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते शांत होते. काल काय हवं होतं हे त्यांना आठवत होतं की नाही, तेही कळायला मार्ग नव्हता. सुनीतीने त्यांचा चहा बशीत ओतून निववला आणि त्यांच्यासमोर ठेवला.